शांतता मिळाली ती समोरच्याला

राग अजून गेलेला नाही, म्हणूनच लिहायला बसले आहे. शिवाय हेडफोन घ्यायला निघालेल्या निदान चार जणांचे पैसे वाचावेत, हाही हेतू आहेच. घरात, नातेवाइकांत, सोसायटीच्या ग्रुपवर मला एकच वाक्य ऐकवलं गेलं : "घेताना नीट वाचायचं ना!" मी वाचलं होतं. दुकानदाराला विचारलंही होतं. काय वाचलं आणि त्याने काय सांगितलं, ते आता सविस्तर सांगते.

माझं काम कानाचं आहे. मुलाखतींची, बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि बोलणं शब्दशः उतरवून द्यायचं. बोलणारी माणसं बहुतेक खेड्यांतली, मुद्रण केलेलं शेताच्या बांधावर, एसटी स्टँडवर किंवा ग्रामपंचायतीत खडखडणाऱ्या पंख्याखाली. 'नाही' की 'काही', 'पाच' की 'पाचशे', एवढ्याशा फरकावर अख्खं उत्तर फिरतं. त्यात मराठी वाक्यातला नकार शेवटी येतो आणि माणूस वाक्याच्या शेवटीच आवाज खाली आणतो. तो शेवटचा शब्द निसटला की शेतकऱ्याला कर्ज मिळालं की मिळालं नाही, हेच कळत नाही. हे काम अंदाजाने करता येत नाही.

कोथरूडला आमच्या खिडकीसमोरची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. पुण्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. पाडकामाचा ब्रेकर सकाळी सुरू होतो तो दिवे लागेपर्यंत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली आहे. प्रत्यक्षात ब्रेकर चालू असताना मी स्वयंपाकघरातून मारलेली हाक बाहेरच्या खोलीत पोचत नव्हती. कानात घालायचे इअरफोन मला तासन् तास सहन होत नाहीत, कान ठणकतात. म्हणून कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा होता, आणि तीन हजारांच्या आत, कारण या कामात मिनिटांवर पैसे मिळतात आणि ते फार नसतात.

दुकानात मी जे बोलले ते शब्द जसेच्या तसे देते, कारण पुढे तेच नाकारले गेले. "मला गाणी ऐकायची नाहीत. घरासमोर बांधकाम आहे. बाहेरचा आवाज माझ्या कानात येता कामा नये. त्यासाठीच हेडफोन हवा आहे." दुकानदार म्हणाला, "ताई, मग हाच घ्या. फुल नॉइज कॅन्सलेशन आहे." त्याने तो माझ्या डोक्यावर चढवला, मोबाइलवरून एक दणदणीत गाणं लावलं आणि समोर उभा राहून काहीतरी बोलला. मग हेडफोन काढून विचारलं, "आलं का काही ऐकू?" नव्हतं आलं. काचेचं दार बंद, एसी चालू, कानात ढोल वाजतोय, अशा ठिकाणी दोनशे रुपयांच्या हेडफोनमधूनही काही ऐकू आलं नसतं. खोक्यावर पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत 'नॉइज कॅन्सलेशन' छापलेलं होतं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक शब्द होता, 'एन्व्हायर्न्मेंटल'. तोही मी वाचला. परिसरातला आवाज बंद करतो, असाच त्याचा अर्थ कोणीही लावेल. मला तर नेमका परिसरातलाच आवाज बंद करायचा होता. बिल घेतलं आणि घरी आले.

घरी ब्रेकर जसाच्या तसा ऐकू येत होता. कुशनमुळे त्याची धार थोडी बोथट झाली होती, एवढंच. मी बटणं दाबून पाहिली. पत्रकावर आवाज वाढवणं, गाणं बदलणं, फोन उचलणं, सगळं होतं. नॉइज कॅन्सलेशन कुठून चालू करायचं हे कुठेच नव्हतं. आपोआप होत असेल, म्हणून मी तसंच काम सुरू केलं. बोलणं नीट कळेना म्हणून आवाज वाढवत गेले. संध्याकाळी कानात दडे बसल्यासारखं वाटायचं आणि बारीक शिट्टी वाजत राहायची.

एके दिवशी दुपारी हेडफोन डोक्यावर असतानाच फोन आला. ज्या संस्थेचं काम मी करते, तिथल्या समन्वयक बाई बोलत होत्या. समोर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब फोडत होते. त्या काय म्हणताहेत हे कळायला मला दोनदा "पुन्हा सांगा" म्हणावं लागलं. आणि त्या एकदम म्हणाल्या, "आज तुमच्याकडचं काम बंद दिसतंय ताई! किती शांत आहे. नाहीतर एरवी तुमच्याशी बोलताना माझंच डोकं उठतं."

मी काही क्षण गप्पच राहिले. मग म्हटलं, "एक मिनिट थांबा हं." हेडफोन काढला आणि नुसत्या मोबाइलवरून बोलले. त्या लगेच म्हणाल्या, "अरे, सुरू झालं का?" पुन्हा हेडफोन चढवला. "आता थांबलं." ब्रेकर एवढ्या वेळात एकदाही थांबला नव्हता. माझ्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. तो हेडफोन चोख काम करत होता, फक्त ते माझ्या कानांसाठी नव्हतं. पैसे मी मोजले होते आणि शांतता मुंबईत बसलेल्या बाईंना मिळत होती.

या प्रकाराला इएनसी म्हणतात. हेडफोनवर माइक असतात. एक तोंडाजवळचा, तुमचं बोलणं टिपणारा. दुसरा आजूबाजूचा गोंगाट टिपणारा. आतली चिप बोलण्यातून गोंगाट वजा करते आणि उरलेला आवाज फोनवरच्या माणसाकडे पाठवते. तुमच्या कानाशी या सगळ्याचा काडीचा संबंध नाही. काही स्वस्त हेडफोनांत तर एकच माइक असतो आणि सगळं काम चिपच करते. ज्याला स्वतःच्या कानांना शांतता हवी, त्याने एएनसी शोधायचं. त्यात कानाच्या वाटीवर बाहेरून, कधी आतून आणि चांगल्या हेडफोनात दोन्हीकडून माइक असतात. ते बाहेरून येणारी आवाजाची लाट टिपतात आणि आतला स्पीकर तिच्या बरोबर उलटी लाट सोडतो. दोन्ही एकमेकींना खातात. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की वस्तूच वेगळी होते, आणि ते एक अक्षर खोक्यावर सुटं, मोठं, स्पष्ट छापायला कुणाच्या हाताला काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दुकानात परत गेले तर 'ताई'ची 'मॅडम' झालेली. आधी म्हणाला, कानांना सवय व्हायला वेळ लागतो. मग म्हणाला, तुमच्या चष्म्याच्या काड्यांमुळे फट राहते. मग म्हणाला, एवढ्या पैशांत एवढंच येतं. मी खोकं त्याच्यासमोर ठेवून इएनसी म्हणजे काय हे त्यालाच सांगितलं, तेव्हा म्हणाला, "बाहेरचा आवाज येणार नाही असं मी कधी म्हटलं?" पहिल्या दिवशी शेजारीच उभा असलेला त्याच्या दुकानातला मुलगा मान खाली घालून केबल गुंडाळत राहिला. त्या मुलावर माझा राग नाही. भिंतीवर पाटी होतीच : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. शेवटी मोठा उपकार केल्यासारखं म्हणाला, याच किमतीत दुसरं काही न्या, आणि समोर ब्लूटूथ स्पीकर ठेवला. शांतता मागायला आलेल्या बाईसमोर! मी तो घेतला नाही.

कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या मुलीचं बोलणं गोड होतं. "मॅम, प्रॉडक्टमध्ये काही डिफेक्ट नाहीये. तुमचा आवाज समोरच्याला क्लिअर जातोय ना?" जातोय. "मग फीचर काम करतंय, मॅम." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवली. तिथे नीट ऐकून घेतलं, तक्रार कंपनीकडे गेली, आणि खोक्यावर जे छापलं आहे ते उत्पादनात आहे, असं कंपनीचं उत्तर येऊन ती निकाली निघाली. म्हणून सांगते, कायद्याचा जो भाग मला उशिरा कळला तो आधीच माहीत असू द्या. बिलात किंवा पावतीत मुदत दिली असेल तर तेवढ्यात, नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. बिल न देणं हीसुद्धा. भिंतीवरची पाटी कायद्यापेक्षा मोठी नसते. मात्र 'सदोष' या शब्दावर सगळं अडतं, आणि तिथेच हे लोक निसटतात : वस्तू बिघडलेली नसते, भलतीच दिलेली असते. वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात त्याच कायद्यात दिशाभूल करणारी मानली आहे, त्यामुळे माझी बाजू लंगडी नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. तरीही तीन हजारांसाठी किती माणसं तारखांना जातील, याचा हिशेब विकणाऱ्याने आधीच केलेला असतो.

आता ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी.

दुकानात हेडफोन डोक्यावर चढवा आणि काहीही वाजवू देऊ नका. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल. गाणं लावलं की परीक्षा संपली, कारण मग तुम्ही गाण्याचा आवाज तपासता, शांतता नाही. नुसता हेडफोन घालून एसीच्या किंवा पंख्याच्या जवळ उभे राहा आणि एएनसी चालू-बंद करायला सांगा. खरं एएनसी असेल तर चालू करताच पंख्याची घरघर खाली बसते, आणि बंद करताच वर येते. मोबाइल जोडलेला नसला, गाणं वाजत नसलं, तरी हे बहुतेक हेडफोनांत होतं. काहींना त्या क्षणी कानावर हलका दाब आल्यासारखं वाटतं. बहुतेकांना त्याची सवय होते, काहींना होत नाही, त्यांनी पाच-दहा मिनिटं तरी घालून पाहावं. चालू-बंद करायला बटण नाही, ॲपमध्येही सोय नाही, "ते आपोआप होतं" असं उत्तर आलं, की हेडफोन काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा.

खोक्यावरून ओळखायची आणखी एक खूण आहे आणि ती मला फार उपयोगी वाटते. एएनसीला बॅटरी लागते. त्यामुळे खऱ्या एएनसी हेडफोनच्या माहितीत सहसा बॅटरीचे दोन आकडे असतात : एएनसी चालू असताना इतके तास, बंद असताना इतके. एकच भला मोठा आकडा छापलेला असेल तर संशय घ्या. आणि खोक्यावर 'कॉल', 'माइक', 'क्लिअर व्हॉइस' असले शब्द नॉइज कॅन्सलेशनच्या आसपास घुटमळत असतील, तर ते समोरच्याच्या सोयीचं यंत्र आहे असं समजा.

आता खरं एएनसी घेतलं तरी ते काय करेल आणि काय करणार नाही, हे कोणी सांगत नाही. ही युक्ती एकसारख्या, खालच्या पट्टीतल्या घुमणाऱ्या आवाजासाठी आहे. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला उलट्या लाटेच्या कल्पनेचं अमेरिकी पेटंट मिळालं १९३६ साली. पुढे अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जात होते, विमानाच्या घरघरीत हेडफोनवरचं संगीत नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी त्याच प्रवासात गणितं मांडायला घेतली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीला आला १९८९ साली. विमानाचं इंजिन एकाच सुरात तासन् तास घुमतं, म्हणून ते खोडता येतं. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते. तिच्या उलटी लाट तयार करायला यंत्राला सवड मिळते. ४००० हर्ट्झची लाट जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटरची. उलटी लाट अगदी थोडी मागेपुढे झाली तरी गणित फसतं. साधारण १००० हर्ट्झच्या वर एएनसीचा जोर ओसरत जातो, आणि तिथून पुढचं काम कुशनला करावं लागतं.

म्हणजे घरातलं काय जाईल? पंखा, एसी, फ्रिज, लांबच्या रस्त्याची घरघर, बस-रेल्वेचा घुमारा, जनरेटर : हे उत्तम जातं. शेजारच्यांचं बोलणं, टीव्हीवरची मालिका, कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, तान्ह्या बाळाचं रडणं : हे एएनसीने जात नाही. उलट घरघर गेल्यामुळे शेजारच्या खोलीतलं बोलणं कधी कधी जास्तच स्पष्ट कळायला लागतं. स, श, च, ट हे वर्ण ओळखू येतात ते २००० हर्ट्झच्या वरच्या आवाजांवर, आणि नेमका तोच भाग यंत्राच्या हातात येत नाही. ब्रेकर तर दोन्हीकडून छळतो. त्याचा हादरा खालच्या पट्टीत, खणखणाट वरच्या पट्टीत, आणि प्रत्येक ठोका सुटा. सिमेंट मिक्सर एएनसीला झेपतो, ब्रेकर अर्धामुर्धा. तेव्हा आधी घरात बसून आपला आवाज कोणता हे ठरवा. एमपीएससीच्या मुलांनी रूममेटच्या गप्पांवर उपाय म्हणून एएनसीवर पैसे घालू नयेत, हे मी कळकळीने सांगते. त्यांना जाड कुशनचा, घट्ट बसणारा, बंद पाठीचा साधा वायरचा हेडफोन जास्त उपयोगी पडेल.

बंद पाठीचे वायरवाले हेडफोन स्टुडिओत काम करणारी माणसं वर्षानुवर्षं वापरतात. त्यांत बॅटरी नाही, चिप नाही, फक्त वाटी आणि गादी. सेनहायझरच्या एचडी २८० प्रोसाठी कंपनी ३२ डेसिबलपर्यंत बाहेरचा आवाज अडतो असं सांगते, तेही विजेशिवाय. तो तीन हजारांत येत नाही आणि डोकं चांगलंच आवळतो. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स त्याहून सौम्य आणि खिशाला हलका, पण अडवणूकही कमी. एएनसीमध्ये सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन मी ओळखीच्यांकडे वापरून पाहिला. वजन १९२ ग्रॅम, त्यामुळे मानेला जड होत नाही. २०२३ साली आला तेव्हा किंमत दहा हजारांच्या घरात होती, सेलमध्ये बरीच उतरते. तीन हजारांच्या आतही खरं एएनसी मिळतं, मात्र घरघर कमी होण्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

डेसिबलच्या आकड्यांना भुलू नका. 'चाळीस डेसिबलपर्यंत' यातला 'पर्यंत' महत्त्वाचा. तो बहुधा एखाद्याच सोयीच्या पट्टीतला सर्वांत चांगला आकडा असतो, सगळ्या आवाजांना लागू पडणारा नव्हे. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, एवढं माप मनात ठेवा. शिवाय काही आवाज कवटीच्या हाडांतूनच आत जातो, त्यामुळे ठार शांतता कोणताच हेडफोन देत नाही.

कुशनकडे मात्र बारकाईने बघा. कान पूर्ण आत बसला पाहिजे, पाळीसकट. खोक्यावर कान झाकणारा म्हणून लिहितात आणि वाटी एवढीशी असते की ती कानावरच टेकते. मग फटी राहतात आणि तासाभरात पाळी दुखते. स्वतःचा रोजचा चष्मा आणि रोजचं कानातलं घालूनच दुकानात जा. चष्म्याच्या काडीमुळे खरोखरच फट पडते, दुकानदार तेवढं खरं बोलला. पण ते त्याने विकण्याआधी सांगायला हवं होतं, कारण चष्मा तेव्हाही माझ्या डोळ्यांवरच होता. बारीक काड्यांचा चष्मा आणि मऊ, जाड कुशन असेल तर त्रास कमी होतो. कृत्रिम चामड्याची कुशन आवाज चांगला अडवतात, पण आपल्याकडच्या घामात आणि पावसाळी दमटपणात त्यांचे काळे पापुद्रे सुटतात. सुटी कुशन मिळतात का हे घेतानाच विचारा. कापडी किंवा मखमली कुशनमध्ये कान उबत नाहीत, पण आवाज अडवण्यात ती कमी पडतात.

आवाज वाढवून गोंगाटावर मात करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ती मर्यादा चार तासांवर येते. हेडफोन बाहेरचं अडवत नसेल तर बोट आपोआप आवाज वाढवण्याच्या बटणाकडे जातं. माझ्या कानांतली ती शिट्टी त्या हेडफोनने दिलेली आहे, आणि त्याचे पैसे कुणीच परत करणार नाही. गोंगाट नसताना घरात जेवढा आवाज पुरतो, त्याहून फार जास्त लागत असेल तर तो हेडफोन तुमच्या कामाचा नाही.

सध्या मी काय वापरते ते सांगते, कारण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय तोच निघाला, आणि तो मला दुकानदाराने नाही, एका जुन्या ध्वनिमुद्रकाने सांगितला. कारखान्यात कामगार कानांवर लावतात ते इअरमफ हार्डवेअरच्या आणि सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. त्यांच्या पुड्यावर एनआरआर नावाचा आकडा छापलेला असतो. जितका जास्त तितकं चांगलं, पण तो प्रयोगशाळेतला असतो, प्रत्यक्षात कमीच पडतो. वायरचे साधे इअरफोन कानात सैलसर ठेवायचे, फार आत ढकलायचे नाहीत, आणि वरून इअरमफ. वायर कुशनखालून खालच्या बाजूने काढायची. मला इअरफोन सोसत नाहीत असं वर म्हटलंच आहे. सैल ठेवल्यामुळे आणि अधूनमधून काढल्यामुळे आता दिवस निघतो. मोबाइल जवळजवळ सर्वांत खालच्या आवाजावर असतो आणि वाक्यातलं शेवटचं 'नाही' कळतं. ऐकायचं काही नसेल, फक्त वाचायचं किंवा लिहायचं असेल, तर आत इअरफोनऐवजी फोमचे बोळे घाला. दोन्हींचे आकडे मिळवू नका. एकावर दुसरं चढवल्याने साधारण पाचेक डेसिबलच वाढतात, पण ते पाचही जाणवतात. घरात एकटे असाल तर दाराची बेल आणि गॅसवरचं दूध यांची वेगळी व्यवस्था करा. रस्त्यावर हे लावून जाऊ नका.

बाकी नेहमीच्या गोष्टी. बिल जपून ठेवा, खोकं फेकू नका, त्याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. वायरलेस हेडफोनवर बीआयएसचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. ऑनलाइन घेत असाल तर परत घेणार की फक्त बदलून देणार हे आधी पाहा. 'रिप्लेसमेंट' असेल तर तुम्हाला तीच निरुपयोगी वस्तू नवी करकरीत मिळेल. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यायचं, असा २०२० चा नियम आहे. तो त्यांना लिहून पाठवला की उत्तरांचा सूर बदलतो.

आणि दुकानातून घेणार असाल तर पैसे देण्याआधी बिलावर लिहून मागा : 'एएनसी, वापरणाऱ्याच्या कानांसाठी'. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी सीएच्या परीक्षेसाठी हेडफोन घ्यायला त्याच दुकानात गेली होती. मी तिला हेच सांगून पाठवलं. दुकानदाराने तिच्यासमोरही तोच हेडफोन ठेवला, तेच "फुल नॉइज कॅन्सलेशन" म्हणाला, तसंच दणदणीत गाणं लावलं. तिने बिलावर एवढं लिहून द्या म्हटल्यावर त्याने तो हेडफोन उचलून मागे ठेवला आणि म्हणाला, "तसं हवं असेल तर मग हा नको, तो वरचा घ्या." फरक त्याला पहिल्यापासून ठाऊक होता.